चैनी गट

वीज कंपनीच्या दर विभागातल्या आकडेतज्ज्ञाने सवलतीचा नवा तक्ता बनवला, तेव्हा त्याला स्वतःच्या हुशारीचा चांगलाच ताठा चढला होता. घरं पाच गटांत वाटायची: सगळ्यात कमी युनिटं जाळणारी ती गरजू, सगळ्यात जास्त जाळणारी ती चैनी. गरजूंना सवलत, चैनींची बंद. इतकं सोपं आजवर कुणाला सुचलं कसं नाही, याचं त्याला नवल वाटत होतं. का सुचलं नव्हतं, हे त्याला रविवारी सासुरवाडीला कळलं.

सासूबाईंनी पुढ्यात नोटीस ठेवली. "जावईबापू, तुम्ही कंपनीतले. हे काय लिहिलंय ते जरा समजावून सांगा."

लिहिलं त्यानेच होतं. 'आपल्या चैनीच्या वापरामुळे सवलत रद्द करण्यात येत आहे' हे वाक्य जमल्यावर तर त्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. पलीकडे खाटेवर सासरे नाकात नळी घालून ती चैन करत होते. ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालायचं. तक्त्यात युनिटं मोजायची सोय होती, फुप्फुसं मोजायची नव्हती. उलट त्याच्या साहेबांचं वर्षभर कुलूपबंद असलेलं दुसरं घर गरजूंत पहिलं आलं होतं.

सासूबाई सांगत होत्या की फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, आता हे दुपारी दोन तास मशीनही बंद ठेवू म्हणतात. मशीनला हात लावायचा नाही, असं तो इतक्या जोरात म्हणाला की सासरेही दचकले.

मग तक्रारीचा अर्ज लिहायचं ठरलं. खरं सांगायचा धीर होईना, म्हणून पेन त्यानेच उचललं. सासूबाई सांगत गेल्या, तो लिहीत गेला. अक्कल गहाण ठेवलीय, कधी कुणाच्या घरात डोकावून पाहिलेलं दिसत नाही, असं स्वतःविषयी बरंच काही त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं. एके ठिकाणी सासूबाईंना नेमका शब्द सुचेना, तोही त्यानेच पुरवला.

"पाकिटावर कुणाचं नाव घालायचं?" सासूबाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी नळी जरा बाजूला केली. "पाकीट कशाला? मागल्या महिन्यात इथंच बसून यांनी मला ते पाच गट समजावले होते. मला वाटलं, आपण गरजूंत."

सासूबाईंनी अर्ज त्याच्या हातून घेतला, सावकाश वाचला आणि परत त्याच्याच हातात दिला.

"घ्या. मिळाला ना अर्ज? आता उत्तर लिहूनच उठा."