रुपरावजींचा जमाव

युद्ध राष्ट्राच्या प्रकृतीला मानवते, हे आता सर्वमान्य आहे. विशेषतः ते घरापासून लांब चालू असेल तर. नंदनवन वस्तीतल्या आमच्या चौकाचा सध्याच्या युद्धाला पूर्ण पाठिंबा असून तो रोज सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर दिला जातो. (तर्री जास्त घेणाऱ्यांचा पाठिंबा अधिक कडवा असतो, असे पाहणीत आढळले. पाहणी मीच केली.) पाठिंबा देणाऱ्यांची शंभर टक्के मुले पुण्यात किंवा परदेशात संगणकापुढे बसलेली आहेत. सीमेवर आहे तो एकटा धर्मेंद्र, आणि नेमके त्याचेच वडील रुपरावजी युद्धाच्या विरोधात! स्वार्थालाही काही मर्यादा असते.

रुपरावजी समाजवादी. शहरात त्यांच्या पक्षाचे दोन सभासद उरले होते; त्यांच्यात तात्त्विक फूट पडून आता दोन पक्ष आहेत. त्यामुळे गेल्या रविवारी ठेल्यासमोरची युद्धविरोधी सभा त्यांना एकट्यालाच घ्यावी लागली. पण पद्धत म्हणजे पद्धत. आधी ते अध्यक्ष झाले. मग उठून प्रास्ताविक केले. "युद्ध थांबवा, पोरं घरी आणा" असा ठराव मांडला, दोन पावले सरकून त्याला अनुमोदन दिले आणि शेवटी उपस्थितांचे आभार मानले.

चौकात जमावबंदी होती. (पाच माणसे जमली की जमाव होतो. ठेल्यावर चाळीस जमली तरी ती गिऱ्हाईके असतात.) फौजदारसाहेबांनी बोटे मोजली. अध्यक्ष, प्रास्ताविक, सूचक, अनुमोदक, आभार.

"ठराव कोनं मांडला, काकाजी?"

"मीच."

"अन् अनुमोदन?"

"तेही मीच. पण सूचकानं अनुमोदन द्यायचं नसते ना साहेब, म्हणून सरकून देल्लं."

"म्हणजे सूचक येगळा, अनुमोदक येगळा."

"बरोबर," रुपरावजी म्हणाले. नियमाची इतकी कदर करणारा माणूस त्यांना फार वर्षांनी भेटला होता. तेव्हापासून ते आत आहेत.

मला वाईट वाटले. त्या दिवशी मी तर्री कमी घेतली.

रुपरावजींच्या पत्नी सुभद्राकाकू ठाण्यात गेल्या. "साहेब, ते एकटेच होते जी. रविवारी पोराचा फोन येते. बाबा कुठं हाय म्हणून विचारीन, तं मी काय सांगू त्याले?"

साहेब मुळात दयाळू. ते एकटेच होते असे सांगणारा एक साक्षीदार आणा, लगेच सोडतो, म्हणाले.

यावर ठेल्यावर गंभीर विचार झाला. ते एकटे होते हे पाहायला तिथे कोणीतरी असले पाहिजे. आणि कोणी होते म्हटले की ते एकटे नव्हते, शिवाय जो होता तो जमावातला सहावा. सबब, आपल्यापैकी तिथे कोणीही नव्हते, असे एकमताने ठरले. (ठराव मी मांडला. अनुमोदन द्यायला एकोणचाळीस जण पुढे आले.)

राहता राहिलात तुम्ही. सभा अध्यक्षांपासून आभारापर्यंत पाहिलेले, आणि रुपरावजी एकटेच होते हे पक्के ठाऊक असलेले, आता तुम्हीच आहात. आज रविवार. सुभद्राकाकू फोन हातात धरून ठाण्याच्या बाकावर बसल्या आहेत.

घाबरू नका, तुमचे नाव मी कोणाला सांगितलेले नाही. या इकडे. तुमची प्लेट सांगून ठेवली आहे.