बाकीचे नऊ

हर्मिना टीचरांनी पडद्याच्या फटीतून हॉलमध्ये पाहिलं आणि त्यांचा जीव सुपाएवढा झाला. खुर्च्या भरल्या होत्या. पुढे आज्या, मागे मोबाईल सरसावून बसलेले आईबाप. आणि पडद्याच्या अलीकडे नखशिखांत पट्ट्या गुंडाळलेले दहा कुष्ठरोगी, सगळे सहा-सात वर्षांचे, एकमेकांच्या पट्ट्यांची टोकं ओढत उभे होते.

अंधेरीच्या गावठाणातल्या या चर्चमध्ये रविवारच्या धर्मशिक्षणाचा सगळ्यात लहान वर्ग टीचरांकडे होता. मागच्या नाताळात त्यांनी नाटक बसवलं, तेव्हा एका मेंढपाळाला रडू फुटलं. त्याला बघून मेंढरं रडायला लागली, आणि शेवटी बाळ येशूला गोठ्यात एकटं टाकून सगळे आपापल्या आयांच्या मांडीवर जाऊन बसले. फादर ऑस्कर भला माणूस. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी एखादी कविता पाठ करून घ्या." हे वाक्य टीचरांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं होतं. आज आगेऱ्याचा सण, नव्या भाताबद्दल देवाचे आभार मानायचा. आज नाटक फसलं, तर लहानांच्या नशिबी कायमची कविता येणार होती. टीचरांनी तसं होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्यांनी ठरवलं की ठरवलं.

गोष्ट त्यांनी शुभवर्तमानातून सणाला साजेशीच निवडली होती. दहा कुष्ठरोगी येशूकडे दया मागतात. येशू म्हणतो, जा, स्वतःला याजकांना दाखवा. ते निघतात आणि वाटेतच बरे होतात. त्यांतला एकच मोठ्याने देवाची स्तुती करत परत येतो, येशूच्या पाया पडतो. बाकीचे नऊ येतच नाहीत.

तालमीत नेमकी इथेच पंचाईत झाली. ते नऊ दर वेळी परत येत. परत येणाऱ्याला टाळ्या मिळतात हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, मग उगाच कृतघ्न कोण होणार? टीचरांनी महिनाभर त्यांना घोटून घोटून शिकवलं. कुणी हाक मारली तरी परत यायचं नाही. आईने मारली तरी नाही. मी मारली तरी नाही. त्या नऊ जणांनी तर येशूलाही जुमानलं नव्हतं.

"मग आम्ही जायचं कुठे?" अनोष्काने विचारलं होतं. ही त्या नऊ जणांची आपोआप झालेली पुढारी.

"फादरांकडे. आपले याजक म्हणजे फादर. ते बाजूच्या दारात उभे असतील. त्यांना हात दाखवायचे आणि तिथेच थांबायचं."

दुसरी पंचाईत म्हणजे दहावा, रूबेन. त्याला ओरडायचं होतं, "देवाची स्तुती असो, मी बरा झालो!" पण चर्चमध्ये हळू बोल, असं त्याच्या आजीने त्याला बोलता यायला लागल्यापासून बजावलेलं. तो हे वाक्य औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचल्यासारखं म्हणायचा. टीचर म्हणायच्या, अरे, आनंद पोटातून आला पाहिजे. मग तो पोटावर हात ठेवून तितक्याच हळू म्हणायचा.

पट्ट्यांचं काम मात्र झकास झालं होतं. शेजारच्या बिल्डिंगमधली संघमित्रा सरकारी इस्पितळात नर्स होती. तिने पहाटेच येऊन एकेकाला इतकं मन लावून बांधलं होतं, की कुणाचा हात गळ्यात, कुणाचं डोकं पांढरंशुभ्र. वर बिटाच्या रसाचे दोन-दोन ठिपके टाकल्यावर टीचरांनाही ते क्षणभर खरं वाटलं होतं.

पडदा सरकला. येशूचे संवाद टीचर विंगेतून म्हणणार होत्या. कुष्ठरोग्यांनी दया मागितली, टीचरांनी घनगंभीर आवाजात त्यांना याजकांकडे धाडलं आणि दहाही जण लंगडत बाजूच्या दाराने बाहेर पडले. आता रूबेनने परतायचं होतं. तो परतला. रंगमंचाच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि गप्प बसला.

घाबरून वाक्य विसरला असेल, असं टीचरांना वाटलं. त्याला जरा वेळ मिळावा म्हणून त्यांनी येशूचं पुढचं वाक्य आधीच म्हटलं, "दहा जण बरे झाले ना? मग बाकीचे नऊ कुठे आहेत?"

"फादरांना शोधायला गेले," रूबेन म्हणाला.

हॉलमध्ये हशा पिकला. टीचरांनी विंगेतून दात-ओठ खात त्याला खुणावलं, वाक्य म्हण, वाक्य.

"पण मी बरा नाही झालो ना, टीचर. फादर दारात नव्हतेच. त्यांना न दाखवता बरा कसा होणार?"

टीचरांनी धावत जाऊन बाजूचं दार उघडलं. दारात फादर नव्हते आणि मुलंही नव्हती. झालं होतं ते असं. आगेऱ्याच्या भाताच्या लोंब्या आता मनोरी गावातून येतात. त्या गावठाणाच्या तोंडाशी असलेल्या खुरसापाशी, म्हणजे जुन्या दगडी क्रुसापाशी, आधी आशीर्वादित करतात आणि मग वाजतगाजत चर्चमध्ये आणतात. बॅंडवाल्यांनी त्याच सकाळी एका लग्नाचीही सुपारी घेऊन ठेवलेली. आत्ताच्या आत्ता सुरू करा नाहीतर आम्ही निघालो, असा त्यांचा निरोप आला. फादर बिचारे तसेच खुरसाकडे धावले होते. फाटकही उघडंच राहिलं होतं.

टीचरांनी साडीच्या निऱ्या उचलल्या आणि गल्लीत उडी घेतली. त्यांच्यामागे रूबेन.

कोपऱ्यावर लवू शहाळेवाला कोयता हातात धरून नुसता उभा होता. त्याने पोरांना पाहिलं होतं. "माका वाटला, खंय तरी बस उलाटली," तो म्हणाला. "इचारलंय, तर म्हणतत, आमी फादराक दाखवूक जातंव. डॉक्टराक सोडून फादराक? म्हटलां, केस हाताबाहेर गेली."

आणि लवूने हे स्वतःपाशी ठेवलं नव्हतं. पुढच्या वळणावर बातमी टीचरांच्या आधी पोचली होती. तिथे शाळेची बस पलटी झालेली होती. त्याच्या पुढच्या वळणावर बसला आगही लागली होती. दवाखान्याचा कंपाउंडर रविवार असून शटर वर करून स्ट्रेचर झटकत होता. गोंधळ ऐकून संघमित्रा औषधाचा डबा घेऊन खाली आली होती आणि जमलेल्या बायकांना सांगत होती की त्या पट्ट्या मीच बांधल्यात, एकाही मुलाला खरचटलेलंसुद्धा नाही. पण नर्स लोक असंच सांगतात, हे बायकांना ठाऊक होतं. एकीने तर तिला पाणी दिलं.

तेवढ्यात टीचरांना गल्लीच्या टोकाला पांढरी डोकी दिसली.

"अनोष्का! थांबा रे सगळे! मागे या!"

नऊच्या नऊ जणांनी वळून पाहिलं. टीचर इतकं छान ओरडतायत हे पाहून त्यांना हुरूप आला. अनोष्काने सगळ्यांना खूण केली आणि ते दुप्पट वेगाने लंगडू लागले. महिनाभर घोटलेलं एका दिवसात कसं विसरणार? आपण किती उत्तम शिकवतो हे टीचरांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि अगदी नको त्या वेळी कळलं.

गल्ली संपली की मोठा रस्ता. लोंब्यांनी सजवलेला टेम्पो मध्ये आला, त्यामागे बॅंड, त्यामागे खोळंबलेल्या रिक्षा आणि त्यांचे भोंगे. टेम्पो सरकला तेव्हा पांढरी डोकी दिसेनाशी झाली होती. नाटक, कविता, नाताळ, सगळं टीचरांच्या डोक्यातून पार पुसून गेलं. नऊ घरची नऊ लेकरं त्यांच्या भरवशावर सोडलेली होती, आणि पुढे बसगाड्या धावत होत्या. एका हाताने रूबेनला घट्ट धरून त्या गर्दीत घुसल्या. देवा, एवढी मुलं सुखरूप दे, जन्मभर कविता पाठ करून घेईन, असं त्या पुटपुटत होत्या.

गर्दी फुटली आणि समोर खुरूस दिसला. खुरसाच्या पायरीवर फादर ऑस्कर बसले होते. त्यांच्यापुढे नऊ कुष्ठरोगी शिस्तीत रांग लावून उभे होते. एकेक जण हात पुढे करत होता, फादर पट्टी सोडत होते, हात उलटासुलटा बघत होते आणि गंभीरपणे सांगत होते, "बरा झालास. पुढचा."

भर रस्त्यात, अंगावरच्या नव्या साडीसकट टीचर गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हात वर करून पोटाच्या पार तळातून ओरडल्या, "देवाची स्तुती असो!"

बॅंड थांबला. रिक्षावाल्यांनी भोंगे थांबवले. त्या शांततेत रूबेनने त्यांचा पदर ओढला.

"टीचर, हे माझं वाक्य आहे."

"मग म्हण की रे, राजा," टीचर रडत म्हणाल्या.

रूबेनने रांग पाहिली. तो आधी पळत जाऊन फादरांना हात दाखवून आला, कारण नियम म्हणजे नियम. मग टीचरांसमोर उभा राहून त्याने अशी काही आरोळी ठोकली, की खुरसावरची कबुतरं उडाली आणि रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगीत लोक बाल्कनीत आले. हॉलमधून धावत आलेल्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यासोबत आलेल्या त्याच्या आजीने सगळ्यांत जोरात वाजवल्या.

नऊ जण एकमेकांकडे पाहत राहिले. त्यांना राहवत नव्हतं. शेवटी सुटलेल्या पट्ट्या लोंबकळवत अनोष्का टीचरांजवळ आली आणि कानात बोलली, "टीचर, आम्ही परत आलो तर चालेल का?"

टीचरांनी मान डोलावली. मग जे काय झालं त्याला स्तुती म्हणायचं की दंगा, हे देवच जाणे. दहाही जण टीचरांच्या अंगावर पडून "मी बरा झालो, मी बरी झाले" ओरडत होते, आणि बॅंडवाले लग्न विसरून वाजवत होते.

सगळं निवल्यावर फादर पट्ट्यांचा ढीग काखेत घेऊन जवळ आले. टीचरांनी मान खाली घातली. मघाशी देवाला दिलेला शब्द त्यांच्या लक्षात होता.

"फादर, पुढच्या वर्षी कविताच पाठ करून घेते."

"कविता कशाला?" एक सुटलेली पट्टी बोटाभोवती गुंडाळत फादर म्हणाले. "पुढच्या वर्षी पाच हजार लोकांच्या जेवणाची गोष्ट घ्या. त्यात सगळे एका जागी बसून असतात."