कुलूप यांच्या जर्सीवरचा डाग

मेहुण्याने आणून टाकलेली पिवळी जर्सी पाण्यातून बाहेर काढताना लाँड्रीवाल्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी आतून बायकोला हाक मारून बोलावून घेतलं. सकाळी त्या जर्सीवर डाव्या काखेपासून खालच्या शिवणीपर्यंत एक तपकिरी डाग पसरलेला होता. चांगला जुना, कापडात मुरलेला, हट्टी डाग. असला डाग दिसला की बाकीचे लाँड्रीवाले पावतीवर 'आमची जबाबदारी नाही' असं लिहून मोकळे होतात. आपले लाँड्रीवाले त्यातले नव्हते. चाळीस वर्षांत आपण एकाही गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं नाही, हे ते गिऱ्हाइकाने न विचारताही सांगत असत.

बायकोने जर्सी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. भाऊ जर्सी देऊन गेला तेव्हा तीच दुकानात होती. कॉलरची शिलाई उसवली आहे, तेवढी घालून ठेव, दुपारी नेतो, इतकंच तो घाईघाईत बोलला होता. धुवायचं कोणी नावही काढलं नव्हतं.

"शिलाई तर घातलीच," लाँड्रीवाले म्हणाले. "हे आपलं वरचं काम. मेहुणा आहे म्हणून केलं, नाहीतर एवढं कोण करतं?"

बाराच्या सुमारास मेहुणा आला. हा गावातल्या फुटबॉल क्लबचा बावीस वर्षं सेक्रेटरी. क्लबचं हजेरीपुस्तक, बॉलमधली हवा, जाळ्यांच्या गाठी, सगळं त्याच्याच अंगावर. दोरीवर वाळणारी जर्सी त्याने एका बाजूने पाहिली, मग दुसऱ्या बाजूने पाहिली, आणि तो स्टुलावर बसला.

"भाऊजी, डाग कुठाय?"

"गेला."

"गेला म्हणजे कुठे गेला?"

"गटारात," लाँड्रीवाले अभिमानाने म्हणाले. "तीनदा पाणी बदललं. आधी नुसता ऐकतच नव्हता."

यावर मेहुण्याने जे सांगितलं ते ऐकताना लाँड्रीवाल्यांचा अभिमान पायरी पायरीने खाली उतरला. रविवारी दुकानात सगळ्यात जास्त गर्दी, त्यामुळे त्यांनी आयुष्यात एकही सामना पाहिला नव्हता. नाहीतर ही जर्सी कोणाची हे त्यांना पाहताक्षणी कळलं असतं. तीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला क्लबच्या गोलकीपरने डावीकडे चिखलात झेप घेऊन पेनल्टी अडवली होती. त्या दिवसापासून लोक त्याला कुलूप म्हणू लागले, आणि चिखलाने माखलेली त्याची जर्सी क्लबच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत लागली. क्लबमध्ये येणारा प्रत्येक नवा गोलकीपर पहिल्या सामन्याआधी त्या डागावर काचेवरून हात ठेवतो. आज संध्याकाळी सहा वाजता कुलूप यांचा सत्कार होता. स्वतः कुलूप सपत्नीक येणार होते आणि नव्या गोलकीपरला खुद्द जर्सीवर हात ठेवायला मिळणार होता. म्हणून पेटी उघडली, तर कॉलर उसवलेली दिसली.

"अध्यक्षांना विचारलं होतंस का?" बहिणीने विचारलं.

विचारलं नव्हतं. किल्ली त्याच्याकडेच असते. आणि अध्यक्ष तर गेली दोन वर्षं आपल्या जावयासाठी सेक्रेटरीची खुर्ची कधी रिकामी होते याचीच वाट बघत होते. "मला काढून टाकतील, ताई," मेहुणा म्हणाला. "त्यांचंही चुकणार नाही. पण बावीस वर्षांनी मी रविवारी जाऊ कुठे?"

तो हे इतक्या साधेपणाने बोलला की लाँड्रीवाल्यांना गलबलून आलं. त्यांनी जर्सी दोरीवरून उतरवली, टेबलावर पसरली आणि बाह्या सरसावल्या. चाळीस वर्षं डागांशी कुस्ती खेळलेल्या माणसाइतका डाग कोणाला कळणार? "सहा तास आहेत," ते म्हणाले. "डाग मी काढला, डाग मीच घालतो."

मेहुणा मैदानातली माती आणायला धावला आणि रिकाम्या हाताने परत आला. दोन वर्षांपूर्वी मैदानावर प्लास्टिकचं गवत बसवलं होतं, हे त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. ते बसवण्याचा ठरावही त्यानेच मांडलेला. शेवटी बहिणीने खिडकीतल्या कुंडीतली माती काढून दिली. ती कालवून जर्सीला फासली. वाळल्यावर लाँड्रीवाल्यांनी जर्सी जरा झटकली, तर सगळी माती जमिनीवर आणि जर्सी जशीच्या तशी.

"नुसती माती टिकत नाही," लाँड्रीवाले म्हणाले. "डाग कापडाला चावला पाहिजे."

त्यांनी चहाची पूड उकळायला ठेवली. मागच्या अंगणातल्या जुन्या पिंपाचा गंज खरवडून घेतला. तो चहात मिसळला, वर व्हिनेगर टाकलं, आणि मेहुण्याने क्लबच्या स्मरणिकेतला जर्सीचा फोटो समोर धरला. लाँड्रीवाले कुंचल्याने रंगवू लागले. कडा गडद, मध्य फिकट, कारण जुना डाग नेहमी मधून आधी विरतो. एक हात झाला की वरून कडकडीत इस्त्री. मग पुन्हा एक हात. मेहुण्याने सांगितलं की मोठ्या डागाच्या बाजूला, एक नंबरच्या खाली, एक छोटा शिंतोडाही होता आणि पोरं त्याला पिल्लू म्हणत. लाँड्रीवाल्यांनी पिल्लूही रंगवलं. हळूहळू त्यांना रंग चढत गेला. डाग काखेतून पाठीकडे निघाला तेव्हा बायकोने कुंचला काढून घेतला.

"पुरे आता. तो माणूस चिखलात पडला होता, बुडाला नव्हता."

लाँड्रीवाल्यांनी दोन पावलं मागे होऊन जर्सी पाहिली. डाग इतका जुना दिसत होता की त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. परीक्षा म्हणून त्यांनी पिल्लाच्या कडेला साबण घासला, मग दुकानातली सगळ्यात जहाल बाटली उघडून तिचा थेंब टाकला. पिल्लू जागचं हललं नाही. "आता कोणाच्या बापाला निघायचा नाही," ते मेहुण्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. साडेपाचला जर्सी पेटीत गेली.

सत्काराला हॉल भरला होता. लाँड्रीवाले आयुष्यात पहिल्यांदाच क्लबमध्ये आले होते आणि पुढच्याच रांगेत बायकोशेजारी बसले होते. अध्यक्षांनी पेटी उघडून जर्सी टेबलावर मांडली. नव्या गोलकीपरने डागावर हात ठेवला आणि त्याचे डोळे भरून आले. जुने खेळाडू एकेक करून आले, पिल्लाला बोट लावून गेले. कोणाला काही कळलं नाही. भिंतीला टेकून उभा राहिलेला मेहुणा तेव्हा कुठे नीट श्वास घेऊ लागला. कुलूप उठले, त्यांनी सगळ्यांचे आभार मानले आणि दोन मिनिटांत बसले. फार बोलणारा माणूस नव्हता तो.

मग त्यांच्या बायकोने माइक मागितला.

"ही जर्सी त्या दिवशी हे घरी घेऊन आलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "आणली असती तर दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळत असती. तीस वर्षं येणारा-जाणारा हा डाग बघतो, ह्यांचं कौतुक करतो आणि मनात म्हणतो, बायको कपडे धूत नाही वाटतं. ह्यांचा सत्कार झाला. आता माझं ऐका." त्यांनी पुढच्या रांगेत बोट दाखवलं. "तुम्ही लाँड्रीवाले ना? सांगा सगळ्यांसमोर. हा डाग निघेल की नाही?"

लाँड्रीवाले उभे राहिले. सकाळी कोणी हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी अर्ध्या तासाची मुदत मागितली असती. पण या डागाला त्यांनी स्वतःच्या हाताने जन्माला घातलं होतं, आणि तो काय चीज आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"नाही निघणार, वहिनी," ते म्हणाले.

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते असं बोलले होते. हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. क्लबचा इतिहास असा धुतला जात नसतो, असं अध्यक्ष गहिवरून म्हणाले. लाँड्रीवाले मात्र पडेल चेहऱ्याने खाली बसले, आणि बायकोने हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला.

"तुम्हाला जमत नसेल तर राहू दे," वहिनी माइकवरच म्हणाल्या. "मी बघते." त्यांनी जर्सीची घडी घातली आणि सरळ पिशवीत टाकली. अध्यक्ष अडवायला पुढे झाले, तेव्हा कुलूप यांनी त्यांचा हात धरला.

"नका पडू मध्ये," ते म्हणाले. "मी पेनल्ट्या अडवल्यात. हिला कधी अडवलेलं नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी लाँड्रीत आल्या. मेहुणाही तिथेच होता. डाग खोटा आहे हे वहिनींना कळलं तर, या धास्तीने दोन दिवस त्याचं कुठेच मन लागत नव्हतं. वहिनींनी पिशवीतून जर्सी काढून टेबलावर ठेवली. ती कोरी करकरीत पिवळी होती. डाग नाही, चहा नाही, गंज नाही, पिल्लू नाही.

मेहुण्याच्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. जर्सी स्वच्छ होती, आणि ती धुतली होती खुद्द कुलूप यांच्या बायकोने, भर सभेत सांगून. आता अध्यक्ष कोणाला काय बोलणार? तो एकदम हसायला लागला, वहिनींना बसायला स्टूल दिलं आणि बहिणीला चहा टाकायला सांगितलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याला भूक लागल्यासारखं वाटत होतं.

लाँड्रीवाल्यांचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. त्यांनी जर्सी उलटी केली, उजेडात धरली, काखेच्या शिवणी उचकटून पाहिल्या, शेवटी वासही घेतला. कशाचाच वास येत नव्हता.

"कशाने काढलात?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"घरात होतं ते लावलं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही नुसती इस्त्री करून द्या. तेवढं जमेल ना?"

लाँड्रीवाल्यांनी मान डोलावली आणि इस्त्रीचं बटण दाबलं.