तंबोऱ्याचे बारदान

हाती पैसा नसतो तेव्हा माणूस बाजारात असेल ते घेतो; हाती पैसा आला की बाजारात नसेल ते मागतो. यालाच प्रगती म्हणतात, आणि ती वऱ्हाडात सन १८६१ नंतर फार झपाट्याने झाली.

कारण असे की, त्या साली अमेरिकेत सख्खे भाऊ एकमेकांवर बंदुका झाडू लागले. (दुसऱ्याच्या घरी भांडण लागले की आपल्या घरी दिवाळी, हे शास्त्र जुनेच आहे, फक्त इतक्या लांबून ते प्रथमच सिद्ध झाले.) विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून त्यांनी इकडचा मागितला, आणि काल ज्या शेतकऱ्याला बाजारात कोणी रामराम करीत नव्हते त्याला अडते गादीवर लोड सरकवू लागले. अमरावतीत लोकांनी घड्याळे घेतली व वेळ सूर्यावरून पाहणे चालू ठेवले. एका गृहस्थाने गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. बैलांना फरक कळला नाही, तेव्हा त्याने बैलांच्या शिंगांनाही चांदी बसवली. अशा काळात भातकुलीच्या जानरावाने फक्त एक तंबोरा मागवला, यावरून त्याचा साधेपणा लक्षात यावा.

जानराव भला माणूस होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते सांगायला जागा मिळेलच असे नाही.

तंबोरा हवा होता त्याच्या बापाला. बापाचे नाव नत्थुजी. नत्थुजी रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळात एकतारीवर भजन म्हणे, आणि ते ऐकायला लोक खरोखर येत. (प्रसाद नसतानाही येत, आवाजाची परीक्षा याहून कडक असत नाही.) तरुणपणी त्याने अंबादेवीच्या देवळात एका गवयाच्या पाठीमागे तंबोरा वाजताना ऐकला होता. तो नाद त्याच्या कानातून गेला नाही. साठी उलटल्यावर त्याने आयुष्यात पहिल्यांदा मुलाकडे काही मागितले.

"जानराव, मले एकदा तंबोऱ्यावर भजन म्हनायचं हाय. आवाज हाय तवलोक."

"हाव बाबा. असा तंबोरा आनतो, का अमरावतीवाले पाहात राहतीन."

वाक्यातला 'ऐकणे' हा भाग कुठे गळाला हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही.

अमरावतीच्या कापूसबाजारात देवीदास नावाचा अडत्या होता. कापसाच्या आडतीला जोडून तो हंड्या-झुंबरे, घड्याळे, अत्तरदाण्या, जे म्हणाल ते मागणीप्रमाणे मागवून देई. तंबोरा त्याने कधी विकला नव्हता, पण अकोल्याला मिरजेकडून येऊन राहिलेला एक कारागीर त्याला ऐकून ठाऊक होता, आणि दलालाला एवढे ज्ञान पुरते. मापाचा तंबोरा गाणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे बांधतात असे कळल्यावर त्याने नत्थुजीला गादीवर बसवले आणि म्हणाला, "काढा बाबाजी, नमुना."

नत्थुजीने भजनाची एक ओळ म्हटली. रस्त्यावरचा एक गाडीवान बैल थांबवून उभा राहिला. देवीदासाने डोळे मिटले आणि बोंडातला पुंजका दोन चिमटींत ओढून पाहावा तशी हवेत बोटे ओढली.

"धागा लांब हाय," तो म्हणाला. "मजबूत बी हाय. पन माल जुना. खाली थोडा कचरा येऊन राहिला. कडता कापा लागंन."

मालात कचरा निघाला तर वजनातून जी सूट कापतात तिला कडता म्हणतात. माणसाच्या आवाजातून कडता कापल्याचे हे पहिलेच उदाहरण असावे, आणि तो मान वऱ्हाडाकडे जातो.

मग किंमत ठरली. कापूसबाजारात किंमत तोंडाने ठरवीत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालून बोटे दाबतात. बोटांचा अर्थ दोघांनाच कळतो, भोवतालच्यांना फक्त रुमाल हललेला दिसतो. ही पद्धत फार सभ्य आहे. पण तिच्यामुळे जानरावाची पंचाईत झाली. एवढी रक्कम मोजायची आणि ती गावाला कळायची नाही, म्हणजे मोजून उपयोग काय? परतल्यावर तो आठवडाभर पारावर बसून सांगत होता, "आकडा सांगता येत नाई, बाप्पा. पन माहं बोट अजून दुखून राहिलं."

देवीदासाच्या अटी चार होत्या, आणि चारही ग्राहकाच्या हिताच्या होत्या. बयाणा पूर्ण किमतीइतका असावा, म्हणजे बाकीची कटकट राहत नाही. लाकूड दलाल निवडील. ग्राहकाने पाहिले तर हात लावू नये, हात लावला तर तेच घ्यावे. मुदत पक्की राहील. ती कोणती हे तंबोरा तयार झाल्यावर ठरेल. आणि चौथी अट : माल कारागिराचा, बारदान गिऱ्हाइकाचे.

बारदान म्हणजे ज्यात माल भरतात ते पोते. कापसाच्या व्यवहारात ते कोणी द्यायचे यावरून पुष्कळ भांडणे झाली होती, म्हणून देवीदास ही अट सरसकट सगळ्या सौद्यांना लावी. आता तंबोऱ्याला पोते कोठले? त्याने चौकशी केली, तेव्हा तंबोऱ्याच्या खाली एक मोठा वाळका भोपळा असतो असे समजले. तो आतून कसा असतो? पोकळ. त्यात काय असते? काही नसते. झाले तर मग! ज्यात काही नसते पण भरता येईल, ते बारदान. सबब, भोपळा जानरावाने आणावा. या तर्कात मला आजतागायत चूक सापडलेली नाही.

जानरावाला त्यात काहीच अवघड वाटले नाही. काळ्या मातीच्या मालकाला भोपळा आणायला सांगणे म्हणजे कोष्ट्याकडे सूत मागणे. तो गोवर्धन माळ्याकडे गेला. गोवर्धनाच्या मळ्यातली वांगी, मिरच्या, दोडके चार गावे खात.

"भोपळा?" गोवर्धन म्हणाला. "दादा, मयात कापूस हाय. आमीच मोर्शीकडून आलेलं वांगं खाऊन राहिलो, तेबी सनावारी."

"एकबी येल नाई?"

"नाई. बी हाय कडू भोपयाचं, आढ्याले टांगलं हाय. फुकट घेऊन जा. जागा मांगू नोका."

आता जागेचा प्रश्न आला. जानरावाची जमीन गावात सर्वांत मोठी, आणि नेमकी म्हणूनच तिच्यात जागा नव्हती. भोपळ्याचा वेल पसरतो, आणि पसरण्याचा हक्क त्या काळी एकट्या कापसाला होता. वेलाने जेवढी झाडे झाकली असती, त्यांचा कापूस, त्या कापसाचा भाव, आणि पुढच्या महिन्यात चढणारा भाव असा हिशेब केला तेव्हा भोपळा सोन्याचा पडू लागला. बांधावर कापूस होता. उकिरडा शेतात गेला होता आणि त्याच्या जागी कापूस होता. मारुतीच्या अंगणातही कापूस होता. (मारुतीने हरकत घेतल्याचे कोणी ऐकले नाही, त्याला नवा शेंदूर कबूल झाला होता.) कौलांवर वेल चढवावा, तर कौलांवर आधीच्या वेचणीचा कापूस वाळत होता.

शेवटी घराच्या अंगणात एक जागा निघाली. न्हाणीचे पाणी जिथे जाई त्याच्या कडेला नत्थुजीची बाज असे. तो तिथेच निजे, तिथेच बसे. ती जागाही जानरावाने मनातल्या मनात कापसासाठी मोजून ठेवली होती, पण बापाला उठवायचे कसे या लाजेने तो अडला होता. म्हातारा आपणच म्हणाला, "माही बाज गोठ्यात ने. अठी येल लाव."

"मामाजी, गोठ्यात धूर असते," पार्वताबाई म्हणाली. ती जानरावाची बायको. गोठ्यात डासांसाठी रोज संध्याकाळी गोवऱ्यांचा धूर करीत, तो सकाळपर्यंत कोंदलेला असे. "तुमाले खोकला होईन. गळा जाईन."

"चार मईन्याचा तं प्रश्न हाय, पोरी."

मृगात बी पडले. वेल असा फोफावला की गावातले लोक पाहायला येऊ लागले. खाण्याजोगे नसले तरी, कापसाखेरीज गावात लावलेले असे ते एकच झाड होते. एक फळ ठेवून पार्वताबाईने बाकीची खुडली. त्या एकाला तिने आपल्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली, तिच्या गाठीचा एक खळगा भोपळ्याच्या पाठीवर उमटला. नत्थुजी रोज गोठ्यातून येई, भोपळ्यावर बोटाने टिचकी मारी आणि कान लावून ऐके. मग खोकत परत जाई. खोकल्याकडे कोणी लक्ष दिले नाही, कारण भोपळा उत्तम वाढत होता.

उन्हाळ्यात वाळून टणटणीत झालेला भोपळा गवतात गुंडाळून जानराव अमरावतीला निघाला. म्हातारा वेशीपर्यंत गाडीमागे चालत गेला.

देवीदासाने भोपळा पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. अकोल्याच्या एका नव्या शेठजीनेही तंबोरा सांगितला होता. लाकूड तयार होते, तारा तयार होत्या, घरात झुंबराखाली जागा तयार होती. फक्त बारदान नव्हते. शेठजीच्या जमिनीतही कापूसच होता. शेठजी दुकानात हजर होते. रुमाल पडला. जानरावाचा हात आत गेला, बोटे दाबली गेली, आणि त्याने आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा नफा एका फुकटच्या बियाण्यावर मिळवला. चढ्या भावात माल धरून ठेवतो तो मूर्ख, आणि बाप काय, पुढच्या मृगापर्यंत कुठे जातो? देवीदासाने त्याचा सौदा पुढच्या सालावर ओढून दिला. वर एक पान खायला दिले.

तो परतला तेव्हा नत्थुजी वेशीवरच बसला होता.

"बाबा, भोपळा गेला. पन पाहा तं, काय भावानं गेला!" असे म्हणून त्याने रुपयांची थैली बापाच्या मांडीवर ठेवली.

म्हाताऱ्याने थैली उचलली, कानाजवळ नेली, हलवली. मग ती मुलाच्या हातात परत दिली.

"वाजव," तो म्हणाला.

"काय?"

"थैली वाजव ना. मले याच्यातून सूर दे, मी म्हनतो."

जानराव हसला. बाप खुशीत येऊन थट्टा करतो आहे असे त्याला वाटले, म्हणून त्याने थैली खरोखर खुळखुळवली. नत्थुजीने तोंड उघडले. खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.

पुढच्या मृगात भाव आणखी चढले. तेव्हा न्हाणीजवळ कापूस लावणेच शहाणपणाचे ठरले. बाज गोठ्यातच राहिली, कारण ती व्यवस्था एक वर्ष चालवून पाहिली होती आणि तिच्याविरुद्ध एकही तक्रार आली नव्हती. पार्वताबाईने एकदा तोंड उघडले. "मामाजीले अंगनात आना," ती म्हणाली. जानराव म्हणाला, "भाव उतरू दे, आनतो." नवऱ्याने शब्द पाळला हे पुढे दिसेलच.

सन १८६५ मध्ये अमेरिकेतल्या भावांनी, भातकुलीला काहीएक न विचारता, समेट केला. त्यानंतर भाव असा बसला की पुन्हा उठला नाही. अंगण मोकळे झाले, बाज परत न्हाणीजवळ आली, आणि गोवर्धनाच्या मळ्यात पुन्हा वांगी दिसू लागली. अकोल्याच्या शेठजींनी झुंबर विकले, मग घड्याळ विकले, आणि शेवटी तंबोरा देवीदासाकडे परत आला. तो देवीदासाने जानरावाच्या जुन्या बयाण्यात वळता करून पाठवला. सोबत तारा जुळवायला माणूस दिला. (त्याचा भत्ता वेगळा.)

पार्वताबाईने गवत सोडले आणि भोपळ्याच्या पाठीवर हात फिरवला. खळगा जिथल्या तिथे होता.

"मामाजी, हा आपलाच हाय!"

आणखी एक गोष्ट जुळवणाऱ्याने सांगितली. अकोल्याच्या शेठजींना गाता येत नव्हते, म्हणून त्यांना माप नव्हते. देवीदासाने कारागिराला नत्थुजीचेच माप दिले होते. म्हणजे लाकूड, तारा, भोपळा, सगळे त्या दिवशी गादीवर म्हटलेल्या एका ओळीसाठी बांधलेले होते. सौद्यात कोठेही कसूर झाली नव्हती, हे मला देवीदासाच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

संध्याकाळी अंगण माणसांनी भरले. तंबोरा वाजू लागला. भातकुलीने तसला आवाज कधी ऐकला नव्हता. बाया पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. नत्थुजी बाजेवर ताठ बसला, डोळे मिटले, आणि तोंड उघडले. आतून हवा आली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. जानरावाने खाली पाहिले आणि तो रडू लागला, मोठ्याने, लहान पोरासारखा. म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कुजबुजल्यासारखे म्हणाला, "वाजू दे रे. आता मीबी आयकतो."

जुळवणारा माणूस तारा छेडीत राहिला. भजन कोणी म्हटले नाही.

वाचकहो, आपण जानरावाला हसला असाल तर ते योग्यच आहे. एका भोपळ्यापुरती जागा ज्याला सापडत नाही त्याला हसू नये तर काय करावे? शिवाय आपणास ही गोष्ट शेवटपर्यंत वाचायला सवड मिळाली, त्याअर्थी आपल्याकडे मोकळी जागा पुष्कळ आहे. मघाशी आतल्या खोलीतून कोणी म्हाताऱ्या आवाजात हाक मारली, तेव्हा "एवढं पान होऊ द्या, आलोच" असे आपण म्हणालात. पान झाले आहे. आतून पुन्हा हाक आलेली नाही.