सोळाचे बत्तीस

मूल झोपलं की घरातली एक तरी वस्तू पडते, हा सृष्टीचा नियम आहे. आज चमचा पडला. मेघाली उठून बसली आणि म्हणाली, "समुद्रावर कधी?" आज तिला चिंचणीला न्यायचं कबूल केलं होतं.

"यादी निघाली की."

यादी उद्याच्या पाळ्यांची. कोण कधी कामावर, कोण कुठल्या बसमध्ये, हे आमच्या कारखान्याचा सर्व्हर रोज ठरवतो, आणि बोईसरच्या भाड्याच्या खोलीतून मी त्याला सांभाळते. (यादी निघेपर्यंत उठायचं नाही, एवढीच अट. बाकी घरून काम म्हणजे आरामच.)

सर्व्हरच्या प्रोसेसरला सोळा कोअर आहेत. मल्टीथ्रेडिंग चालू केलं की एकेक कोअर दोन-दोन कामं हातात घेतो आणि पडद्यावर बत्तीस दिसतात. काही कामांना हे मानवतं. आमच्या यादीला नाही. चालू असताना साडेपाच तास, बंद असताना साडेतीन. तीनदा मोजलं आणि बंद करायची परवानगी मागितली.

आमच्या विभागप्रमुखांचा, कमलाकांत सरांचा फोन आला. खुर्चीतच कणीक मळत होते; हात पिठाचे, म्हणून स्पीकरवर घेतला.

"मॅडम, बत्तीसचे सोळा करून मी वर काय दाखवू?"

"वेळ दाखवा सर. दोन तास वाचतात."

"वेळ कुठे दिसतो हो? आकडा दिसतो."

हे पटण्यासारखं होतं.

"वरच्यांना हा प्रकार इतका आवडलाय की घरून काम करणाऱ्या आयांनाही यापुढे दोन धरायचं ठरलंय. अभिनंदन. आपला विभाग तिघांचा चौघांचा झाला. पॅकिंगच्या याद्या तुमच्यातल्या दुसरीला देतोय."

(खुर्ची एक, पगार एक. एकही भरती न करता तेहेतीस टक्के वाढ.)

धोरण दूरदृष्टीचं आहे, वाचकांनी उगाच हसू नये. तुमच्या घरी पोळ्या, औषधं, अभ्यास आणि पाहुणे एकीच्याच नावावर असतील, तर ही योजना तुमच्याकडे फार आधीपासून लागू आहे. आमच्या कारखान्याने निदान परिपत्रक तरी काढलं.

साडेचार झाले. पडद्यावर बत्तीसच्या बत्तीस चौकोन हिरवेगार, आणि यादीला अजून दोन तास. मेघाली उलट्यासुलट्या चपला घालून दाराशी उभी.

"आज नाही जमणार, बाळा."

तिने फोन ऐकला होता.

"त्या काकांनी तुला दोन धरलंय ना?"

"हो."

"मग एक बसू दे इथे. दुसरी कुठे आहे?"