झोपेला श्रेयांक नाहीत

तीन वर्षांच्या मुलाला शिकवणारं खातं आणि बावीस वर्षांच्या पदवीधराला शिकवणारं खातं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत, ही गंभीर बाब गव्हर्नरांच्या निदर्शनास आली. सबब, बालवाडीपासून पदवीपर्यंत शिक्षणाची वाटचाल एकसंध व्हावी म्हणून राज्य समन्वय परिषद स्थापन झाली. बालवाडीच्या वतीने कुणीतरी हवं होतं. सव्वीस वर्षं चर्चच्या तळघरात एकोणीस मुलांची बालवाडी चालवणाऱ्या व्हर्ना टिलटसनबाईंची नेमणूक झाली, कारण त्यांनी फोन पहिल्या रिंगला उचलला.

पहिल्या बैठकीत विद्यापीठाचे डॉ. लिंडक्विस्ट म्हणाले, "आमच्याकडे येणारी मुलं फार कच्ची असतात हो." हायस्कूलने मधल्या शाळेकडे बोट दाखवलं, मधलीने प्राथमिककडे, प्राथमिकने व्हर्नाबाईंकडे. व्हर्नाबाईंनी आपल्या शेजारी पाहिलं, तर तिथे कॉफीचं मशीन. दोष बालवाडीत आहे, अशी एकमताने नोंद झाली.

मग तक्ता आला. खालच्या पायरीवरचा प्रत्येक तास वरच्या पायरीवर कुठल्या ना कुठल्या विषयात जमा झालाच पाहिजे, एवढाच नियम. वाळूत खेळणे म्हणजे भूगर्भशास्त्र, भाग एक. ठोकळे रचणे म्हणजे स्थापत्य. बाहुलीवरून भांडणे थेट विधी शाखेत गेलं. अडलं ते एकाच ठिकाणी. दुपारी एक ते पावणेदोन मुलं चटयांवर झोपत, आणि त्या झोपेला विद्यापीठात विषयच नव्हता.

"आमच्याकडे झोप शिकवत नाहीत," लिंडक्विस्टसाहेब म्हणाले.

"तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पाहिलंत का कधी?" व्हर्नाबाईंनी विचारलं.

हा शेरा इतिवृत्तातून वगळण्यात आला.

"अहो, चार वर्षांची पोरं आहेत ती! झोप मिळाली नाही तर तीन वाजता एकमेकांना चावतात."

"मग चावे मोजा," साहेब म्हणाले. "आकडेवारी आम्हाला हवीच आहे."

झोप प्रायोगिक तत्त्वावर स्थगित झाली. पहिल्याच आठवड्यात एकेचाळीस चावे पडले. परिषदेने ते 'समवयस्कांशी थेट संवाद' या रकान्यात भरले आणि बालवाडी याबाबतीत हायस्कूलच्या पुढे असल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. मेव्ह ऑस्ट्रँडर नावाची एवढीशी पोर भूगर्भशास्त्राच्या तासाला वाळूतच तोंड घालून झोपली. व्हर्नाबाईंनी तिला उचललं, नाकातोंडातली वाळू पुसली, आणि त्यांना गलबलून आलं. आता पुरे झालं म्हणजे झालं, त्यांनी ठरवलं. पोरांची झोप परत आणायचीच.

निर्णय कायम करण्याआधी जाहीर सुनावणी घेणं कायद्याने भाग होतं. येईल त्याला तीन मिनिटं. हिरवा दिवा लागला की बोलायचं, लाल लागला की गप्प बसायचं. व्हर्नाबाईंनी एकोणीसच्या एकोणीस घरी फोन केले. "या हो सगळे. माझं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील."

आणि आले की लोक! खुर्च्या कमी पडल्या. व्हर्नाबाईंचा ऊर भरून आला. हिरवा दिवा लागताच पहिली उठली मेव्हची आई, डेल्फिन.

"माझी मुलगी भूगर्भशास्त्राच्या तासाला वाळूत झोपली!" ती कडाडली.

व्हर्नाबाईंनी जोरजोरात मान हलवली.

"म्हणजे तिची वीस मिनिटं बुडाली! ती कोण भरून देणार? शनिवारी जादा वर्ग घ्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या बापाने विचारलं, आजवर मुलं झोपली ते त्यांच्या नोंदीत राहणार नाही ना? तिसरा तर चिडलाच होता. शेजारच्या परगण्यात म्हणे अडीच वर्षांपासून सुरू करतात, मग आमचीच पोरं काय म्हणून मागे ठेवता?

व्हर्नाबाईंना राहवेना. "अगं डेल्फिन, तिला झोप येते गं! दुसरं काही नाही, नुसती झोप येते!"

डेल्फिन त्यांच्याजवळ आली. तिचा आवाज एकदम खाली आला. "मला दिसत नाही का ते, मिस व्हर्ना? घरी जेवता जेवता ताटात पेंगते. पण बाकीची अठरा जागी असताना मी माझीच कशी झोपू देऊ?"

मागच्या अठरा घरांनीही माना डोलावल्या. लाल दिवा लागला. एका मताच्या विरोधासह ठराव संमत झाला.

बाहेर अडीच वर्षांपासूनच्या वर्गाचे अर्ज ठेवले होते, ते दहा मिनिटांत संपले. कुठे मिळतात ते इथे मुद्दामच लिहीत नाही. हे वाचता वाचता तुम्ही मनातल्या मनात आपल्या पोराचं वय मोजलंत, ते कळलंय मला.