तीनशब्दे यांचं प्रभावी सादरीकरण

सत्य नुसतं सत्य असून भागत नाही. ते ताठ उभं राहून, हात योग्य उंचीवर धरून आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगावं लागतं. जगातली निम्मी सत्यं सांगणाऱ्याचे खांदे पडलेले होते म्हणून वाया गेली आहेत. (उरलेली निम्मी जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर सांगितली म्हणून.)

आमच्या पाणीपुरवठा खात्याला हे ज्ञान जरा उशिरा झालं, पण झालं.

खात्यात एक केमिस्ट होते. बावीस वर्षं ते शहरभरच्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून आणत, तपासत, आणि महिन्याच्या बैठकीत उभं राहून सांगत, "पाणी ठीक आहे." मग बसत. त्यावरून त्यांचं नाव तीनशब्दे पडलं. सरासरी वेळ चार सेकंद, त्यातले दोन खुर्ची मागे सरकवण्यात जात.

एका महिन्यात ते उठले आणि म्हणाले, "पाणी ठीक नाही." मग बसले.

शब्द तीनच. वेळही तेवढाच. अध्यक्षांनी "धन्यवाद" म्हटलं, इतिवृत्तात "नेहमीप्रमाणे" अशी नोंद झाली आणि बैठक पुढच्या विषयाकडे, म्हणजे सभागृहाच्या पडद्यांच्या रंगाकडे वळली. तीनशब्द्यांनी एकपानी लेखी अहवालही दिला होता: बसस्थानकामागच्या वस्तीत मोठ्या पाइपाचा सांधा गटाराशेजारी सुटला आहे, घाण आत जाते आहे, सांधा बदला, तोवर लोकांना पाणी उकळून प्यायला सांगा. अहवाल फाइलीत व्यवस्थित लावण्यात आला. (आमच्या खात्यात काही हरवत नाही. फक्त सापडत नाही.)

अकरा दिवसांत बसस्थानकामागची एकसष्ट माणसं जुलाब-उलट्यांनी आडवी झाली. चौकशी समिती बसली.

"तुम्ही सांगितलं होतं?" समितीने विचारलं.

"सांगितलं होतं."

"मग आम्हाला कळलं कसं नाही?"

तीनशब्द्यांनी तेच तीन शब्द त्याच आवाजात पुन्हा म्हणून दाखवले, आणि इथेच ते सापडले. समितीने निष्कर्ष काढला की पाण्याबद्दल तिला काही म्हणायचं नाही, तो तांत्रिक विषय आहे. परंतु 'आहे' आणि 'नाही' हे दोन शब्द एकाच आवाजात, एकाच चेहऱ्याने उच्चारणं ही गंभीर त्रुटी आहे. सबब तांत्रिक कर्मचाऱ्यांना सादरीकरणाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण द्यावं. सांध्याचं काम त्यानंतर होणाऱ्या सादरीकरणानंतर हाती घ्यावं, म्हणजे ते सर्वांना नीट समजलेलं असेल.

निर्णय योग्यच होता. न समजलेला सांधा घाईघाईने बदलून कुणाचं भलं झालंय?

प्रशिक्षक अनुभवी होते. पूर्वी ते गाद्या विकत, त्यामुळे लोकांना आडवं कसं करायचं हे त्यांना ठाऊक होतं. पहिला दिवस उभं राहण्याचा. दुसरा हातांचा: हात खिशात नकोत, पाठीमागे नकोत, छातीवर नकोत. एका वायरमनने विचारलं, "मग घरी ठेवून येऊ का?" (त्याला प्रमाणपत्र मिळालं नाही.) तिसऱ्या दिवशी मजकूर. आजाऱ्यांचा आकडा घालून तीनशब्द्यांनी नव्याने लिहिलेलं एक पान प्रशिक्षकांनी हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा गादीत ढेकूण दिसल्यासारखा झाला.

"एकसष्ट? अहो, आकडा बघून माणूस घाबरतो. घाण? भर सभेत हा शब्द? 'अतिरिक्त घटक' म्हणा. आणि शेवट 'नाही'ने करायचा नसतो, लोक उदास होऊन घरी जातात. गोष्ट सांगा, गोष्ट. कुणी प्रश्न विचारलाच, तर आधी हसून म्हणायचं, 'फार छान प्रश्न विचारलात!' विचारणाऱ्याचं निम्मं समाधान तिथेच होतं."

"आणि उरलेलं निम्मं?"

"फार छान प्रश्न विचारलात," प्रशिक्षक हसून म्हणाले.

तीनशब्दे मुळात कष्टाळू. चार दिवस त्यांनी आरशासमोर हात हलवले. बायको भाजी चिरता चिरता बघत होती. ती एवढंच म्हणाली, "माशा झाल्यात का?"

सादरीकरण मात्र देखणं झालं. सव्वीस स्लाइड, चाळीस मिनिटं, विषय 'एका थेंबाचा प्रवास'. डोंगरातला थेंब माहेर सोडून निघतो, टाकीत स्थिरावतो, पाइपांतून अंधारात एकटा चालत राहतो. बसस्थानकामागे त्याला काही नवे सोबती भेटतात, आणि तो साऱ्यांना सामावून घेत घराघरांत पोचतो. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. खात्याच्या नोंदीनुसार टाळ्या तीन वेळा, ओले डोळे चार जणांचे, डुलक्या शून्य. हा शून्य खात्याच्या इतिहासातला पहिला.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा दारातून आवाज आला. बैठकीत पाण्याचे ग्लास ठेवणाऱ्या शिपाईबाई हातात रिकामा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या बसस्थानकामागे राहत.

"साहेब, मी अडाणी माणूस. पण लेकीला नळाचं पाणी देऊ का नको?"

तीनशब्द्यांचे हात आपोआप छातीच्या उंचीवर आले. चेहरा हसला. "फार छान प्रश्न विचारलात!" ते म्हणाले. "पाण्याकडे आपण एक नातं म्हणून बघितलं, तर..."

नात्याबद्दल ते दोन मिनिटं बोलले. टाळ्यांची संख्या चारवर गेली. बाईंनीही ट्रे काखेत मारून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरी बायकोने पातेलं नळाखाली धरलं आणि विचारलं, "पाणी उकळू का?"

"फार छान प्र..."

बायको वळून बघायला लागली. बावीस वर्षांत या माणसाने तिला फुलं आणली नव्हती, की कधी गोड बोलला नव्हता. पण विचारलेल्याचं उत्तर त्याने दिलं नव्हतं असं एकदाही झालं नव्हतं.

"हो की नाही?" ती म्हणाली.

तीनशब्दे तोंड उघडून उभे राहिले. शब्द घशापर्यंत येत होता आणि तिथे हसून थांबत होता. पातेलं भरून वाहायला लागलं.

"उकळ," ते शेवटी म्हणाले आणि खाली बसले. त्यांना घाम फुटला होता.

सकाळी कचेरी उघडण्याआधीच ते जिन्यात शिपाईबाईंची वाट बघत उभे होते. बाई दहाला आल्या, पदराने तोंड पुसत.

"बाई, पाणी उकळून द्या."

"आता सांगताय होय?" बाई म्हणाल्या. "काल एवढ्या टाळ्या झाल्या, मला वाटलं चांगलंच आहे की सगळं. दिलं तिला. दवाखान्यात आहे, बाटली लावलीय. तिथूनच आले रजेचा अर्ज द्यायला."

यावर काय बोलायचं ते तीनशब्द्यांना तीन दिवसांत शिकवलेलं नव्हतं. ते तसेच मागच्या आवारात गेले. तिथे फिटर चहा पीत होता.

"बसस्थानकामागे, गटाराशेजारी, सांधा सुटलाय."

"मोठ्या लाइनीचा?"

"हो."

"बरं," म्हणून फिटरने कप पालथा घातला, पाना उचलला आणि सायकलवर टांग मारली. दुपारी दोनपर्यंत सांधा बदलून झाला होता. सादरीकरणाचा एकूण कालावधी सात सेकंद, स्लाइड शून्य, टाळ्या शून्य.

शिपाईबाईंची मुलगी सहा दिवसांनी घरी आली. बाई पुन्हा कामावर आल्या. मात्र बैठकीत ग्लास ठेवताना आता त्या तीनशब्द्यांच्या पुढ्यात ठेवत नाहीत, बाजूला ठेवतात. ते उठून घेतात.

खात्याने आपलं कर्तव्य केलं. समजून घेण्याची प्रक्रिया अपुरी असताना सांधा बदलल्याबद्दल फिटरला मेमो मिळाला, आणि पुढच्या तुकडीत त्याचं नाव घालण्यात आलं. (हातांच्या दिवशी तो पाना घेऊन आला होता, असं कळतं.) 'एका थेंबाचा प्रवास' इतर खात्यांना दाखवण्यासाठी फिरतीवर जाणार होता, पण तीनशब्द्यांनी लेखी कळवलं, "मला जमणार नाही." अर्ज अगदीच लहान असल्याने त्याचा अभ्यास सुरू आहे. सांध्याचा विषय फाइलीत अद्याप प्रलंबित आहे, कारण प्रत्यक्षात झालेल्या कामाची नोंद करण्यासाठी आमच्याकडे नमुना नाही.

हे सारं वाचताना आपण मान हलवलीत, अध्यक्षांवर हसलात, बाईंच्या मुलीसाठी चुकचुकलात, याबद्दल खातं आपलं आभारी आहे. गेल्या महिन्यात आपल्याही दारावर खात्याने एक कागद चिकटवला होता. तीन ओळींचा; गोष्ट नव्हती, चित्र नव्हतं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपण किराण्याची यादी केलीत. त्या तीन ओळी काय होत्या, असं आपण आता विचाराल.

फार छान प्रश्न विचारलात.